पेशंट मागून येतोय

तलासरीला रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून हजर होऊन मला तासही झाला नव्हता. झरीच्या बाजूला मोटरसायकलवरून पडलेल्या एका माणसाला घेऊन आम्ही परत निघालो होतो. माणूस बेशुद्ध होता. मागच्या भागात मी त्याला ऑक्सिजन लावत होते आणि पुढे केबिनच्या छोट्या खिडकीतून एकसारखा आवाज येत होता.

"आता डावीकडे वळतो हां भाऊ. जरा खड्डा हाय, सांभाळ. झाला खड्डा. आता डांबरी लागली. उजव्या हाताला नागली कापतात, बायका बघायला लागल्या आपल्याला."

मला वाटलं ड्रायव्हर फोनवर बोलतोय. पहिलाच दिवस, अंगात नवा अधिकार. मी ओरडले, "आधी तो फोन ठेवा!"

आवाज थांबला. मग शांतपणे उत्तर आलं, "फोन नाय मॅडम. पेशंटला सांगतो."

"पेशंट बेशुद्ध आहे."

"म्हणून तं सांगतो. शुद्धीतल्याला रस्ता दिसतेच ना."

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, मागचं दार उघडलं, तेव्हा मी काशिनाथकाकांना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीच्या आतबाहेरचे, ठेंगणे, गणवेशाचा शर्ट कडक इस्त्रीचा आणि पँटच्या मागच्या खिशात नॅपकिनऐवजी एक धुतलेला लाल पंचा. त्यांनी स्ट्रेचरचं एक टोक धरलं आणि बेशुद्ध माणसाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आला दवाखाना. माझं काम झालं, आता तुझं."

मी मूळची सांगलीकडची. गुजरातच्या सीमेला टेकलेला हा मुलूख मला नवा होता. एका कॉलवर वारली, दुसऱ्यावर गुजराती, तिसऱ्यावर हिंदी आणि दवाखान्याच्या खिडकीवर मराठी. काकांना या सगळ्या बोली घरच्यासारख्या होत्या. त्यांचा पाडा उधव्याच्या पुढे डोंगरात. भात आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, थोडी जमीन, घरी बायको आणि थोरला भाऊ. पूर्वी ते गुजरातेत कंपन्यांच्या गाड्या चालवायचे, नंतर या नोकरीत आले. आमच्या खात्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. त्याचं त्यांना भारी हसू यायचं. "पाड्यावरून इमान जाते तं पोरं टाटा करतात. मी पायलट झालो हे सांगितलं तं माझ्या म्हाताऱ्या आईने, तवा होती ती, विचारलं, मंग खालून टाटा केला तं तुला दिसेल का रं?"

त्यांची दुसरी सवय माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. हायवेवर अपघात झाला की मी जखमींकडे धावायची, काकाही धावायचे. पण सगळे जखमी आत घेऊन झाले, दार लावायची वेळ आली, की ते पुन्हा खाली उतरून रस्त्यावर इकडे तिकडे काहीतरी शोधायचे. एकदा मी वैतागले. एक एक मिनिट मोलाचं आणि हा माणूस गवतात काय हुडकतोय? ते आले, हातात दोन चपला. एक बायकी, एक पुरुषी.

"माणूस बरा होऊन दवाखान्यातून निघेल तं काय अनवाणी जाईल?" ते म्हणाले आणि चपला स्ट्रेचरखाली ठेवल्या.

त्या दिवशीच्या जखमींपैकी एकजण वाचणार नाही हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं. पण त्याचीही चप्पल त्यांनी शोधली होती. मी पुढे कित्येकदा पाहिलं, ते यात भेद करायचे नाहीत. वेळ मात्र मोजून अर्धं मिनिट. तेवढ्यात सापडली तर सापडली.

मला या माणसाचं कुतूहल वाटू लागलं ते इथून. बारा बारा तासांची ड्यूटी, रोजचं रक्त, रोजचा आक्रोश. हे सगळं त्यांच्या आत कुठे जात असेल? मला स्वतःला पहिल्या दोन महिन्यांत जेवण जात नव्हतं. काकांचा डबा मात्र भाकरी, सुकट आणि कांदा असा मजेत संपायचा. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला काहीच कसं होत नाही?" ते म्हणाले, "बोलत राहतो ना बाय. बोलता बोलता सांडून जाते." तोवर त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं होतं. बाय म्हणजे इकडे मोठ्या बहिणीलाही म्हणतात आणि लहान पोरीलाही. माझा नंबर यातला कुठला, हे मी कधी विचारलं नाही.

मग ती दुपार आली.

उन्हाळ्याचे दिवस. दोन वाजले असतील. हायवेवर बंद पडून उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून एक ट्रक आदळला होता. आम्ही पोचलो तेव्हा ट्रकच्या केबिनचा चेंदामेंदा झाला होता आणि ड्रायव्हर आत अडकला होता. स्टिअरिंगखाली दोन्ही पाय. तो पूर्ण शुद्धीत होता. सौराष्ट्रातला, काकांच्याच वयाचा. जवळच्या ढाब्यावरचे लोक, पंक्चरवाला, दोन पोलीस, सगळे पत्रा ओढत होते, पण पत्रा हलत नव्हता. क्रेन निघाली होती, पण मागे मैलभर गाड्या तुंबलेल्या. मी खिडकीतून हात घालून सलाईन लावलं. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं. काका दुसऱ्या बाजूने पायरीवर चढले, आत वाकले आणि त्याचा हात धरून गुजरातीत बोलायला लागले. कुठल्या गावचा, माल काय भरलाय, गावात पाऊस कसा असतो.

तासभर ते बोलत होते. मधेच त्या माणसाने आपल्या मुलीचा नंबर सांगितला. तोंडपाठ. म्हणाला, तिने नवी स्कूटी घेतलीय, तिला म्हणावं हळू चालव. काकांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. मुलीने उचलला. काका म्हणाले, "बेन, तमारा पप्पाने पगमां वाग्युं छे. ठीक छे. अमे बहार काढीए छीए." पायाला लागलंय, ठीक आहेत, बाहेर काढतोय. त्या माणसाने फोनसाठी हात पुढे केला. तेव्हा त्याचा श्वास धापांवर आला होता, शब्द फुटत नव्हते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाले, पाच मिनिटांनी परत लावतो, आणि फोन खिशात टाकला.

ती पाच मिनिटं आलीच नाहीत. क्रेनचा आवाज ऐकू यायला लागला तेव्हा तो माणूस गेलेला होता. काकांच्या हातातून त्याचा हात मला सोडवावा लागला. चपला शोधायला त्या दिवशी ते उतरले नाहीत.

त्यानंतरचा बदल इतका हळूहळू झाला की मला तो कळायला वेळ लागला. आधी गाडीतलं बोलणं कमी झालं. मग बंद झालं. मागे पेशंट, पुढे नुसतं इंजिन आणि सायरन. मी म्हटलं, "काका, आज रस्ता सांगत नाही?" तर म्हणाले, "रस्ता काय, तोच हाय." डबा अर्धा परत जायला लागला. फोन वाजला की ते स्क्रीनकडे बघायचे आणि फोन उपडा ठेवायचे. कोणाचा फोन ते सांगायचे नाहीत. मला वाटलं घरचं काही असेल.

घरचंही होतंच. त्यांची बायको, जानकीकाकी, एकदा बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी मला भेटली. तिने इकडे तिकडे पाहून विचारलं, "बाय, यांना कामावर काय झालं का? मचाणावर राखणीला बसावं तसे ओट्यावर बसून राहतात. पाठ टेकत नाय. दीड महिना झाला. जरा डोळा लागला का दचकून उठतात ने हात असा पुढं करतात, कोण काय मागते तसा." तिच्या दिराने त्यांना भगताकडे नेलं होतं. भगताने तांदूळ पाहिले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, याला बाहेरचं काही नाही लागलेलं. याच्या डोळ्यांनी काही खाल्लंय ते पचत नाहीये. माझ्याकडे याचं औषध नाही, दवाखान्यात विचारा. भगताच्या सुनेचं बाळंतपण आमच्याच गाडीत झालं होतं, कदाचित म्हणून त्याला दवाखान्याचा भरवसा असेल. काहीही असो, माझ्याआधी त्या माणसाने नेमकं ओळखलं याची मला लाज वाटली. मी रोज बारा तास काकांच्या मागे चार फुटांवर बसत होते.

तरीही मी लगेच काही केलं नाही. आज करू, उद्या करू. मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं, हा संकोच. त्या संकोचाची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली असती.

सकाळी दहाचा सुमार. बाळंतपणाची केस होती, पहिलटकरीण, कळा जोरात. तिची सासू सोबत. हायवेला लागून थोडं पुढे गेलो आणि गाडी हळू होत होत कडेला थांबली. इंजिन चालू, सायरन चालू, गाडी उभी. मी खिडकीतून हाक मारली, "काका!" उत्तर नाही. वाकून पाहिलं. पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर उभा होता, बाकी काही नाही. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आणि नजर ट्रेलरवर. मी खांद्याला हात लावला, हलवलं. अंग लाकडासारखं. मागे पोरगी किंचाळत होती. ती सासू उठली, खिडकीशी तोंड नेऊन, शेतात बैलाला हाक द्यावी तशी म्हणाली, "काशी! पोर येते ना रं. चालव."

ती त्यांना ओळखत होती की गणवेशावरचं नाव वाचलं होतं, कोण जाणे. त्या हाकेने ते हलले. गिअर टाकला आणि आम्ही पोचलो. मुलगा झाला, दोघं सुखरूप. दुपारी काका माझ्यासमोर आले आणि गाडीची चावी टेबलावर ठेवली.

"ही ठेवा बाय. आज माझ्यामुळं दोन जीव गेले असते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभा ट्रेलर दिसला की तो हात पुढे येतो. फोन मागणारा. आणि त्या मुलीचे फोन येत राहतात. मोबाइलमध्ये त्यांनी मला दाखवलं, न उचललेल्या फोनांची रांग. "मी तिला खोटं बोललो. ठीक छे म्हणालो. तिच्या बापाने फोन मागितला, मी दिला नाय. आता ती विचारेल, तं काय सांगू?"

"काका, आपण डॉक्टरांना भेटू. मनाच्या. डहाणूला आठवड्यातून एक दिवस बसतात."

ते टेबलावरच्या चावीकडे बघत म्हणाले, "कागदावर लिहितील का? मनाचा आजार लिहिला तं गाडी देतील का मला परत?"

आमच्या कामात ही भीती सगळ्यांना असते. पाय मोडला तर रजा मागता येते. झोप मोडली तर काय मागायचं? शिवाय बारा तासांची ड्यूटी, पाड्यावरून तलासरीला जीप, तलासरीहून डहाणूला बस, आणि डॉक्टर नेमके ज्या दिवशी बसतात त्याच दिवशी सुट्टी मिळायला हवी. मी दोन फोन करून गाडीवर दुसरा पायलट मागवला आणि काकांची सुट्टी जुळवली. सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले.

संध्याकाळी परत आले. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"भेटलो नाय."

हळूहळू कळलं ते असं. काका वेळेत पोचले. पण तालुक्यातल्या कुठल्या दवाखान्यात त्यांना ओळखत नाहीत? दारावरचा शिपाई त्यांना बघून स्ट्रेचर घेऊनच धावला. "काका, कुणाला आणलंत?" केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईंनी पेन उचललं, "बोला काका, पेशंटचं नाव?" मागे रांग. रांगेतही दोन ओळखीचे. काकांच्या तोंडून शब्द निघाले, "पेशंट मागून येतोय." बाई म्हणाल्या, "बरं, आला की सांगा." मग ते तासभर बाकावर बसून राहिले. शिपायाने त्यांना चहा आणून दिला. मधून मधून कोणीतरी विचारायचं, आला का पेशंट, आणि ते म्हणायचे, येतोय. ओपीडी संपली. शिपाई म्हणाला, "नाही आला वाटतं." काका म्हणाले, "नाय. घाबरला असेल." आणि बस धरून परत आले.

हे सांगताना ते किंचित हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

त्या ओपीडीला एक समुपदेशक होत्या, अनघाताई. राहायला डहाणूजवळ मसोलीला, चाळिशीच्या, खांद्याला मोठी कापडी पिशवी, बोलणं अगदी कमी. मी त्यांना फोन करून हा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना बसायला कुठे बरं वाटतं?"

मी विचार न करता म्हणाले, "गाडीत."

"मग गाडीत बसू. दर गुरुवारी मी तलासरीला शाळेत येते. अकरा वाजता मोकळी होते."

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनीही काकांना तपासलं. अनघाताईंनी ओपीडी संपल्यावरची वेळ घेऊन ठेवली होती, त्यामुळे खिडकीवर नाव सांगायची पाळी आली नाही. झोपेसाठी आणि दचकण्यासाठी गोळ्या दिल्या आणि काही आठवडे गाडी चालवायची नाही असं सांगितलं. आमच्या वरिष्ठांनी रजा मंजूर केली, एकही आडवा प्रश्न न विचारता. इतके दिवस आम्ही सगळे ज्याला भीत होतो ते असं कागदाच्या एका सहीत आटोपलं. आधीच विचारलं असतं तर, असं वाटून गेलं.

पण गाडीवाचून काकांना राहवेना. दुसरा पायलट ड्यूटीवर असायचा आणि काका पाड्यावरून जीपने येऊन दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे, गाडीकडे तोंड करून. गुरुवारी अकराला अनघाताई यायच्या. काका ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, चावी नसलेल्या गाडीत, आणि ताई शेजारच्या सीटवर. माझी रवानगी टपरीवर. कॉल आला की दोघं उतरायचे, गाडी जायची, दोघं बाकावर बसून राहायचे.

मी चहा पीत काचेतून बघायची. काय बोलतात ते ऐकू यायचं नाही आणि यावं असंही नव्हतं. पहिल्या गुरुवारी काका पूर्णवेळ समोर बघत राहिले. दुसऱ्या गुरुवारीही. ताईसुद्धा समोरच बघत बसलेल्या, जसे दोघं कुठेतरी निघालेत. तिसऱ्या गुरुवारी काकांचे हात बोलायला लागले. एक हात पुढे गेला, दुसऱ्याने तो धरला. मग त्यांनी खिशातला लाल पंचा काढून तोंडावर धरला आणि खांदे हलायला लागले. ताई हलल्या नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. नुसत्या बसून राहिल्या. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. पुढे काकाच म्हणाले, "ती बाय घाई करत नाय. एकच विचारते, डोळ्यापुढून काय जात नाय? ने मंग थांबते. मी दोन गुरुवार नाय सांगितलं तरी थांबली."

पाचव्या की सहाव्या गुरुवारी काकांनी खिशातून फोन काढला. ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. काकांनी नंबर लावला.

त्या फोनवर काय झालं ते त्यांनी मला लगेच, टपरीवर येऊन, उभ्याउभ्याच सांगितलं. मुलीने पहिल्याच रिंगला उचलला. काका म्हणाले, बेन, मी खोटं बोललो होतो. तुझ्या बापाने फोन मागितला होता, मी दिला नाही. मुलगी म्हणाली, मला माहीत आहे. मागे त्यांच्या धापा ऐकू येत होत्या. मला तेव्हाच कळलं होतं. मग तिने विचारलं, इतके दिवस जे विचारायला फोन करत होती ते. "ए एकला नहोता ने?" ते एकटे नव्हते ना?

"मी म्हटलं, ना बेन, एमनो हाथ मारा हाथमां हतो." त्यांचा हात माझ्या हातात होता. काकांनी स्वतःचा तळवा माझ्यापुढे धरला. "ने मंग तो निरोप दिला. स्कूटी हळू चालव म्हणून. तशी ती रडता रडता हसली. म्हणते, काका, दर फोनला हेच सांगायचे ते."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय. भूक लागली," काका म्हणाले आणि टपरीवाल्याकडे दोन भजीपाव सांगितले.

गोष्ट इथे सरळ झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या बरेच महिने चालल्या. गाडी हातात परत आली तरी सुरुवातीला उभ्या ट्रेलरपाशी ते मोठ्याने श्वास सोडायचे, मला मागे ऐकू यायचा. एकदा मधेच गोळ्या सोडल्या आणि पुन्हा तीन रात्री ओट्यावर बसून काढल्या, मग जानकीकाकीने गोळ्यांची पुडी आपल्या कमरेला बांधली. पण बोलणं परत आलं. पहिल्यांदा आलं ते एका सर्पदंशाच्या म्हाताऱ्यासाठी. "बाबा, आता उतार लागला हां," असं पुढून ऐकू आलं आणि मी सलाईनची बाटली हातात धरून तशीच बसून राहिले.

शिवाय त्यांनी एक नवंच काम काढलं. मोठा अपघात झाला, जखमी दवाखान्यात पोचले, गाडी धुऊन झाली, की ते परत त्या जागी जायचे. ज्यांनी पत्रे ओढले, माणसं बाहेर काढली, त्या ढाब्यावरच्या पोऱ्यांना, पंक्चरवाल्याला, गावातल्या माणसांना गोळा करायचे आणि चहा पाजायचे. मला आधी कळेना की हे कशाला. मग लक्षात आलं. आमच्या तरी गणवेशाला नाव आहे, खातं आहे, सही करून रजा आहे. पंक्चरवाला तर माणूस बाहेर काढून हात धुतो आणि पुढची ट्यूब हातात घेतो. त्याला कोण विचारणार? काका विचारायचे. चहा अर्धा झाला की, आवाज न बदलता, "काय रं, डोळ्यापुढून काय जात नाय?"

बहुतेक जण हसून उडवायचे. कोणी आठवड्याने येऊन सांगायचं. आणि जवळजवळ सगळे सांगायचे ते मित्राचं. हवालदार गावित तर पक्का कडक माणूस, मिशीवाला. एका दुपारी तो मोटरसायकल लावून टपरीवर आला. म्हणाला, "काशीकाका, माझा एक मित्र आहे. खात्यातलाच. त्याला जेवताना वास येतो. जळाल्याचा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "मित्राला घेऊन ये ना."

"तो नाही यायचा. लाजतो."

"मंग त्याचा चहा तूच पी," काका म्हणाले आणि ग्लास पुढे सरकवला. गावितने चहा संपवला. मग काकांनी सहज सांगितलं, "मी डहाणूला गेलेलो तं माझा पेशंट मागून येत होता. तासभर वाट बघितली त्याची. तुझा मित्र हुशार असेल तं एवढा वेळ घालवायचा नाय. गुरुवारी अकराला ती बाय येते. गाडीत बसते. नाव विचारत नाय."

गुरुवारी गावित आला. काकांनी ड्रायव्हरची सीट त्याला दिली आणि स्वतः माझ्यासोबत टपरीवर येऊन बसले. गाडीकडे पाठ करून बसले आणि मलाही तिकडे बघू दिलं नाही. "बघू नको बाय. माझ्या वेळेला तू बघत होतीस, मला काचेतून दिसत होतीस."

मला नाशिकला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा मी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी काका ड्यूटीवर नव्हते. भाताच्या कापणीसाठी चार दिवस रजा होती. माझी बस संध्याकाळची होती. मी सकाळी एक जीप पकडली आणि उधव्याला उतरून विचारत विचारत त्यांच्या पाड्यावर गेले. जाताना मनात वाक्यं जुळवत होते. तुमच्याकडून मी काय शिकले वगैरे. असं बोलायची मला सवय नव्हती, म्हणून पाठ करत होते.

अंगणात भाताचे भारे रचलेले होते. जानकीकाकी सुपाने भात वारवत होती. मला पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं आणि ओट्याकडे खूण केली.

ओट्यावर काका झोपले होते. खाली गोणपाट, डोक्याखाली दुमडलेला हात, कापणीहून आल्याआल्याच आडवे झाले असावेत, पायांना चिखल तसाच होता. तोंड उघडं, घोरणं इतकं मोठं की शेजारची कोंबडी दचकून दचकून लांब जात होती. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, भाऊ मोठमोठ्याने बैलांना दटावत होता, आणि काका झोपले होते.

"उठवू का?" काकीने विचारलं. "तू इतक्या लांब आलीस."

"नको."

तिने मला पाणी दिलं. सुपातला भात वारवायचं थांबवून तीही त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आम्ही दोघी किती वेळ तशा उभ्या होतो मला आठवत नाही. मग मी तिच्या पाया पडले आणि आवाज होऊ नये म्हणून अंगणातून हळू पावलं टाकत निघाले.